जमिनीखालचं जातं

डाळजला ठमाबाईकडं कासवाचं पिल्लू मागायला कुणी गेलं, की ती आधी त्याला आतल्या खोलीत नेऊन खाटेवर बसवते. वेळ भर दुपारची. पंखा बंद करते, खिडकी लोटते आणि सांगते, "गप बसायचं. कायबी इचारायचं न्हाय." मग स्वतः उंबऱ्यावर बसून पदरानं वारा घेत राहते. बाहेर ऊन तापलेलं असतं, हायवेवरच्या ट्रकांची घरघर लांबून येत असते, आणि थोड्या वेळानं आलेल्या माणसाच्या लक्षात येतं की यातली एक घरघर हायवेवरून येत नाहीये. ती पायाखालून येतेय. बहुतेक माणसं तिथंच उठतात. कुणाला बारामतीतलं काम आठवतं, कुणाला घरून बोलावणं आलेलं असतं. ठमाबाई कुणाला अडवत नाही. "चा तरी घ्या," एवढं म्हणते, पण तो चहाही बहुतेकांना नको असतो.

म्हातारी भ्रमिष्ट झाली असं गावात म्हणणारे आहेत. त्यांनी पूर्वीची ठमाबाई बघितलेली नाही, म्हणून म्हणतात. ती म्हणजे नुसती तोफ. भिगवणच्या बाजारात तिला लांबून येताना पाहिलं की मासेवाल्या चिलापीचा भाव आधीच चढवून ठेवायच्या, कारण तो निम्म्यावर आणल्याशिवाय ही पाटीला हात लावायची नाही. गोठ्यात साप निघाला तर गडीमाणसं काठी शोधत फिरायची, तोवर हिनं तो घमेल्याखाली झाकून बांधावर नेऊन सोडलेला असायचा. भीती म्हणून काही असतं हे तिच्या गावीही नव्हतं. असली बाई एका आवाजाला भ्याली आणि त्या भीतीपायी नको ते करून बसली.

तिचा नवरा सावळाराम अगदी उलट स्वभावाचा. दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी पुष्कळ. त्याचं जुनं घर नदीकाठाला होतं. उजनी धरण झालं आणि घर, गोठा, दारची चिंच, सगळं पाण्याखाली गेलं. बैलगाडीनं सामान हलवताना त्याच्या आईचं जातं मागं राहिलं. दोघींनी समोरासमोर बसून ओढायचं असं ते थोरलं जातं होतं. गाडीत जागा नव्हती, पुढच्या खेपेला नेऊ म्हणाले, आणि पुढच्या खेपेआधी पाणी आलं. नव्या जागी आल्यावर म्हातारीनं गिरणीच्या पिठाची भाकरी कधी चवीनं खाल्ली नाही. थोड्याच दिवसांत ती गेली. सावळारामच्या मनाला ते लागून राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तो काठावर जाऊन उभा राहायचा. "काय बगताय एवडं?" ठमाबाई विचारायची. "कुटं काय," म्हणायचा आणि परत फिरायचा.

पुढं उसाचे दिवस बरे गेले, सिमेंटचं घर झालं. सून सुप्रियाला मोबाईलवर कळलं होतं की ताटात पाणी घालून पितळी कासव उत्तरेकडं तोंड करून ठेवलं, की घरात लक्ष्मी टिकते. मुलगा युवराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. रोज मोटारसायकलवर जा-ये करायचा. एका संध्याकाळी तो पितळी कासव आणायला म्हणून गेला आणि शेजारच्या दुकानातून जिवंत घेऊन आला.

ते दुकान चिंतामण नावाच्या गृहस्थांचं. काचेच्या टाक्या, रंगीत मासे, पिंजऱ्यातले लव्हबर्ड, आणि कोपऱ्यात एका खोक्यात दोन जातींची कासवाची पिल्लं. पायांवर तांबडे ठिपके असलेली होती ती भलतीच महाग. दुसरी मातकट रंगाची, मुठीत मावतील एवढी, ती जवळजवळ पितळी कासवाच्या भावात. युवराज ठमाबाईचाच लेक. "ही स्वस्त का वो?" त्यानं विचारलं.

"ही आफ्रिकेतली. सुल्काटा म्हणतात," चिंतामण म्हणाले. "मादी एका वेळेला टोपलीभर अंडी घालते, वर्षातून दोन-तीनदा घालते, आणि पिल्लं चिवट. त्यामुळं बाजारात यांना तोटा नाही. ती तांबड्या ठिपक्यांची मोजकी अंडी घालतात, वाढतातही सावकाश. म्हणून महाग. आणि पाठीवर चांदण्या असलेलं आपल्याकडचं कासव मागू नका, ते विकलं तर मी थेट आत जाईन. पण हे घेताय तर एक लक्षात ठेवा..."

तेवढ्यात युवराजचा फोन वाजला. सुप्रिया विचारत होती, मिळालं का कासव. मिळालं म्हणून त्यानं सांगितलं, फोन खांद्याला धरूनच पैसे दिले आणि खोकं घेऊन निघाला. चिंतामणांचं अर्धं वाक्य दुकानातच राहिलं.

घरी जिवंत कासव बघून सुप्रिया दोन पावलं मागं सरली, पण जिवंत असलं तर गुणही जास्तच येईल असं तिचं तिनं ठरवलं. देवघराजवळ ताट मांडलं, पाणी घातलं, त्यात पिल्लू ठेवलं, तोंड उत्तरेला. पिल्लू वळून दक्षिणेला तोंड करायचं. सुप्रिया येता-जाता ते उत्तरेला फिरवायची. असं दोघांचं चार-सहा दिवस चाललं, आणि पिल्लाचं नाक वाहायला लागलं. तेव्हा ठमाबाईनं ताट पालथं केलं. "ह्याला पानी सोसंना," ती म्हणाली. पिल्लू पदरानं पुसलं आणि अंगणात उन्हाला ठेवलं. त्याचं नाव तिनं ढब्बू ठेवलं.

ढब्बू उन्हात सुधारलं आणि मग वाढतच सुटलं. गवत, उसाचं वाढं, जास्वंदीची पानं, छकुलीच्या हातातली चपाती, काही म्हणून सोडायचं नाही. छकुली म्हणजे युवराजची मुलगी. कासव आणलं तेव्हा ती रांगत होती. ती शाळेत जायला लागेस्तोवर ढब्बू घमेल्याएवढं झालं होतं, आणि पुढं तर ती त्याच्या पाठीवर बसून अंगणभर फिरायची. पंचक्रोशीत बातमी पसरली. बारामतीच्या एका बंगलेवाल्यानं स्वतःचंही असंच वाढलेलं कासव टेम्पोतून आणून दारात उतरवलं. "मावशी, तुमच्याकडं जागा आहे," म्हणाला. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं होतं. त्या कासवानं बाग उकरून काढली तेव्हा नकोसं झालं. ते कासव नर होतं. एक हिवाळा आणि एक उन्हाळा ढब्बूच्या जोडीनं राहिलं, आणि पावसाळ्यात गारठून मेलं. ठमाबाईनं त्याला बांधावर पुरलं आणि बंगलेवाल्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

ढब्बूची एक सवय होती. ऊन चढलं की ते घराच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या कडब्याच्या गंजीमागं नाहीसं व्हायचं आणि ऊन उतरलं की अंगाला माती लावून बाहेर यायचं. तिथं सावली असते म्हणून जात असेल, एवढंच सगळ्यांना वाटलं. गंजीमागं वाकून बघायला कुणाला सवड होती?

मग एका संक्रांतीच्या सुमाराला सावळारामला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. दवाखान्यातून आणल्यावर त्याची खाट मागच्या खोलीत, शहाबादी फरशीवर, भिंतीकडेला टाकली. ठमाबाई त्याचं सगळं करायची आणि करता करता त्याला बोलायची. "आदी बोलत न्हवता, आता बोलायचंय तर जमंना. काय सोंग हाय ह्ये?" असं म्हणत ती घास भरवायची. डोळ्यांतलं पाणी लपवायची तिची हीच तऱ्हा होती. तो बरा नाही झाला तरी चालेल, पण असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

होळीच्या आगेमागे, एका दुपारी, तिनं ताट पुढं केलं तर सावळारामनं डावा हात वर करून तिला थांबवलं.

"आईचं... दळान चाललंय," तो म्हणाला.

ठमाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "कुटं?"

त्यानं बोट खाली केलं, जमिनीकडं.

झटक्यानं डोक्याला काही झालं असेल म्हणून तिनं ते सोडून दिलं. पण तो रोज सांगायला लागला. भर दुपारी, घर निजलेलं असताना, त्याचे डोळे एकदम जागे व्हायचे. "दळती," म्हणायचा. डाव्या हाताची बोटं खाटेच्या पाटीवर हळूहळू गोल फिरवायचा. आणि आवाज थांबला की "झालं" म्हणायचा आणि भाकरीसाठी तोंड उघडायचा. हे शेवटचं तेव्हा कुणी ध्यानात घेतलं नाही.

मग ठमाबाईला एकेक गोष्ट दिसायला लागली. खाटेजवळ ठेवलेल्या तांब्यातलं पाणी वारा नसताना शहारायचं. फरशी पुसली की पाणी भिंतीकडच्या कोपऱ्यातल्या फटीत उतरायचं आणि किती ओतलं तरी फट भरायची नाही. एक फरशी पाय पडला की किंचित हलायची. शेवटी एका दुपारी तिनं धीर केला. सावळारामचा डोळा लागला होता. ती खाटेशेजारी आडवी झाली आणि फरशीला कान लावला.

घर्र. मग थोडं थांबणं. मग पुन्हा घर्र. दगडावर दगड फिरावा तसा, दमादमानं, कुणी म्हातारं माणूस दळायला बसलं असावं तसा तो आवाज होता.

ती उठली ती थेट चुलीपाशी गेली. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि तिला हुडहुडी भरली होती. सासूचं जातं मैलभर लांब, धरणाच्या गाळात रुतलेलं, आणि आवाज तिच्या घराखाली. कुणाला सांगायचं हे? सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तिनं शेजारच्या कुशाबाईला सांगितलं, आणि चूक तिथंच झाली. कुशाबाईचा जीव वाईट नाही, पण तिच्यापाशी सगळ्याला उत्तर तयार असतं.

"अगं, जानाऱ्याला न्यायला त्याची आय येती," कुशाबाई म्हणाली. "दळान सरलं की उटल नि घिऊन जाईल. त्याच्या आत काय करायचं ते कर."

"काय करू?"

कुशाबाईनं अंगणात चरणाऱ्या ढब्बूकडं पाहिलं. "पान्यातला जीव कोरड्यावर कोंडून ठिवलाय तुमी. दिवळात दगडाच्या कासवालाबी लोक हात लावून म्होरं जात्यात, आन तुमी जित्त्यावर पोरीला बसवताय. त्याचा तळतळाट हाय ह्यो. नरसिंहपूरला न्या, संगमात सोडा. जिवाच्या बदली जीव."

"त्याला पानी सोसत न्हाय. ताटात ठिवलं तर नाक गळाया लागलं हुतं."

"ताटातलं पानी येगळं, देवाचं पानी येगळं," कुशाबाई म्हणाली.

एरवी ठमाबाईनं तिला उडवून लावली असती. पण माणूस भ्याला की डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं वाटायला लागतं. नरसिंह तिचं कुळदैवत. तिनं त्याच संध्याकाळी तांदळाची मूठ देवापुढं ठेवून शब्द दिला: ह्याला तुज्या पान्यात सोडते, माजा मानूस मला ठिव.

युवराजनं पिकअप ठरवली. पुढं तो आणि ड्रायव्हर, मागं उसाच्या पाचटावर ढब्बू, ठमाबाई, कुशाबाई आणि रडून रडून डोळे सुजलेली छकुली. इंदापूर सोडून ते नरसिंहपूरला पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. देवदर्शन झालं, गुलाल-हळद झाली, ढब्बूच्या पाठीवर फुलं वाहिली. मग त्याला घाटाच्या खालच्या पायरीवर ठेवलं.

ढब्बूनं मान लांब करून पाण्याचा वास घेतला. मग ते सावकाश वळलं आणि पायरी चढायला धडपडू लागलं. युवराजनं पुन्हा पाण्याकडं तोंड केलं. ते पुन्हा वळलं. ठमाबाईला त्या वेळी ताट आठवलं, सुप्रिया उत्तरेला फिरवायची आणि हे दक्षिणेला वळायचं ते आठवलं. आठवलं आणि तिनं ते मनाआड केलं, हे तिला पुढं फार जाचलं.

शेवटी होडी केली. दोघांनी उचलून ढब्बूला होडीत घेतलं आणि भीमा-नीरेचं पाणी मिळतं तिथं खोलात सोडलं. फुलं वर तरंगत राहिली. थोडे बुडबुडे आले.

"गेलं आपल्या घरला," कुशाबाईनं हात जोडले.

होडीवाला मात्र वल्हं धरून पाण्याकडंच बघत होता. "कासव दम घ्यायला वर येतंय की वो," तो म्हणाला. "ह्ये आलं न्हाय." छकुलीनं आजीचा हात सोडला, तो परत येईपर्यंत धरला नाही.

दुसऱ्या दुपारी ठमाबाई खाटेशेजारी बसून राहिली. तांब्यातलं पाणी हललं नाही. तिनं फरशीला कान लावला. काही नाही. नवसाला देव पावला म्हणून तिनं तिथंच डोकं टेकलं. वर पाहिलं तर सावळाराम तिच्याकडं बघत होता.

"थांबलं," तो म्हणाला.

"व्हय. थांबलं. आता भ्यायचं न्हाय."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी दोन घास खाल्ले, तिसऱ्या दिवशी तेही नकोत. दुपार झाली की डोळे उघडून वाट बघत पडायचा. वाट बघून बघून थकायचा आणि ताट आलं की दात मिटून घ्यायचा. ठमाबाईनं लाडीगोडी केली, रागावली, ओरडली. कशाचा काही उपयोग नाही. आवाज होता तेव्हा तो जेवत होता. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. भीती तिला वाटत होती, त्याला कधीच नव्हती.

त्याला सलाईन लावायला बारामतीला नेलं. परत येताना युवराजनं गाडी चिंतामणांच्या दुकानापाशी थांबवली. छकुली धड बोलत नव्हती, म्हणून तिच्यासाठी दुसरं छोटं कासव घ्यावं असा त्याचा विचार. सावळाराम गाडीत झोपला होता. ठमाबाईही उतरली.

खोक्यात तशीच मातकट पिल्लं होती. "अजून स्वस्तच हाईत?" तिनं विचारलं.

"स्वस्तच राहणार, मावशी," चिंतामण म्हणाले. "सगळीकडं यांची पिल्लंच पिल्लं. आणि मोठी झाली की कुणाला नकोत. शंभर वर्षं जगतं, माणसाएवढं वजन होतं. खाणं सांभाळता येईल एक वेळ, पण उकरणं कोण सांभाळणार? वाळवंटातलं जनावर आहे. ऊन टाळायला जमिनीखाली बोगदे काढतं, भिंतीखालनं सरळ आत शिरतं. मी प्रत्येकाला सांगतो, लोक भाव ऐकतात आणि पुढचं ऐकत नाहीत."

ठमाबाईनं टेबलाची कड धरली. "वाळवंटातलं? आन पान्यात सोडलं तर?"

चिंतामण हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. "दगडासारखं तळाला जाईल. ह्याला पोहता येत नाही."

ती गाडीत येऊन बसली. भिगवण येईपर्यंत तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. घरी पोचल्यावर सगळे सावळारामला उतरवण्यात गुंतले, तेव्हा ती एकटी गंजीमागं गेली. कडब्याच्या पेंढ्या ओढून काढल्या. भिंतीच्या पायाशी तिरकं, गुळगुळीत, टोपलीएवढं भोक होतं. तिनं खांद्यापर्यंत हात घातला. आतली हवा गार होती. मग ती पोटावर पडली आणि भोकाला कान लावला.

आतून श्वास ऐकू आला.

सावकाश, जड, घशात अडकत येणारा श्वास. मग एक खोकला. तो खोकला तिनं आयुष्यभर ऐकलेला होता. सावळारामला आतल्या खाटेवर नुकतंच निजवलं होतं, आणि त्याचा श्वास त्या बोगद्यातून अगदी कानाशी असल्यासारखा येत होता. म्हणजे तो जसा ढब्बूचं उकरणं ऐकायचा, तसं ढब्बूही तिथं अंधारात बसून त्याला ऐकायचं. आणि तिनं त्याला नेऊन पाण्यात घातलं. दोनदा वळलं होतं ते. ठमाबाई तिथंच, मातीत तोंड खुपसून, लहान पोरासारखी रडली.

पण नुसती रडत बसणारी बाई ती नव्हे. कुशाबाईच्या गोठ्यात जुनं लहान जातं धूळ खात पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते तिनं उचलून आणलं आणि घरामागं, भोकाच्या तोंडाशी मांडलं. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, घराला ते बरं नसतं. ठमाबाईनं म्हटलं, आता आणखी काय वाईट व्हायचंय! दाणे घातले असते तर आवाज मऊ झाला असता. तिला दगडावर दगड हवा होता. भर दुपारी, डोक्यावर ओला पदर घेऊन ती बसली आणि दमादमानं जातं ओढू लागली. थोडं ओढायची, थोडं थांबायची, जसं तिनं फरशीला कान लावून ऐकलं होतं तसं.

मग हात पुसून ताट घेऊन आत गेली. सावळाराम जागा होता.

"ऐकलंत? चाललंय दळान," ती म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज कधी कापत नसे, आज कापला.

सावळारामनं तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या कपाळावरचा घाम, पदराला लागलेली माती.

"त्ये न्हवं ह्ये," तो म्हणाला. "ह्ये तुजं हाय."

ठमाबाईनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता तोंड भिंतीकडं जाणार. पण त्याचा डावा हात तिच्या मनगटावर आला.

"फिरव," तो म्हणाला. आणि घासासाठी तोंड उघडलं.

त्यानंतर रोज दुपारी ती फिरवायची. गावात चर्चा झाली. कुशाबाई म्हणाली, रिकामं जातं ओढून अवदसा बोलावतेय. युवराजनं समजावून पाहिलं, सुप्रिया भ्याली, छकुली मात्र शाळेला सुट्टी असली की समोर बसून खुंट्याला हात लावायची. आजीशी ती पुन्हा बोलायला लागली होती. जातं चालू असेस्तोवर सावळारामची बोटं खाटेच्या पाटीवर फिरायची. थांबलं की तो "झालं" म्हणायचा आणि भाकरी खायचा. रोज घास कमी व्हायचे, हे तिला दिसत होतं. कमी का होईना, खातोय, असं ती स्वतःला सांगायची.

वैशाख सरला. पाणी ओसरलं होतं, जुन्या गावाचा गाळ वर आला होता. एका दुपारी वारं अगदी पडलं होतं, कावळासुद्धा ओरडत नव्हता. ठमाबाई एकटीच जातं ओढत होती. खांदा भरून आला, तशी तिनं खुंटा सोडला आणि हात झटकला.

आवाज थांबला नाही.

तिनं जात्याकडं पाहिलं. वरचा दगड जागच्या जागी होता. तिनं त्यावर तळवा दाबून धरला. तरी आवाज येतच होता, बारीक, खरवडल्यासारखा, एका ठिकाणाहून नाही तर पुष्कळ ठिकाणांहून. भोकातून, भिंतीखालून, घराच्या पोटातून. लहान लहान खूप जाती एकदम फिरावीत तसा.

"अहो," तिनं भोकापाशी तोंड नेऊन हाक मारली. "अहो, ऐकताय का?"

बोगद्यातून रोज येणारा तो जड श्वास आला नाही.

ती धावत आत गेली. सावळाराम खाटेच्या अगदी कडेला सरकला होता. उजवं अंग मेलेलं, तरी एवढं कसं सरकला कोण जाणे. डोकं कडेवरून खाली झुकलेलं होतं, एक कान जमिनीकडं. डावा हात लोंबून फरशीला टेकला होता. तिथली हलणारी फरशी एका कोपऱ्यानं वर उचलली गेली होती, आणि त्या फटीतून एक पिल्लू अर्धं बाहेर आलं होतं. अंगभर माती, मुठीत मावेल एवढं. पुढच्या पायांनी ते सावळारामची गार पडत चाललेली बोटं खरवडत होतं, वर यायला आधार शोधत होतं. त्याच्यामागं अंधारात आणखी माना हलत होत्या.

त्यानं ते ऐकलं का? हातावर आलेलं त्याला कळलं का? हे ठमाबाईला आजही ठाऊक नाही, आणि तिला तेवढं एकच जाणून घ्यायचंय.

क्रियाकर्म झाल्यावर चिंतामण स्वतः येऊन बघून गेले. मादी एकदा नराला भेटली की नंतर दोन-तीन वर्षंही अंडी घालू शकते, म्हणाले. ढब्बूनं नरसिंहपूरला नेण्याआधी बोगद्याच्या टोकाला, खाटेच्या बरोबर खाली, मऊ मातीत अंडी घातली होती. युवराजनं विचारलं, घेऊन जाता का. चिंतामणांनी मान हलवली. "फुकट दिलीत तरी नकोत. ठेवू कुठं? तुम्हाला सांगितलं होतं ना, याचसाठी तर स्वस्त." दुकानात तो फोन आला नसता तर, हे युवराजच्या मनात तेव्हापासून आहे.

"इकायची न्हाईतच," ठमाबाई म्हणाली.

पिल्लं काही बोगद्यात, काही अंगणात वाढतायत. दुपार झाली की सगळी खाली उतरतात आणि उकरतात. दिवाळीला, राखीला नातेवाईक येतात ते दुपारचं जेवण आटोपतं घेतात. पिल्लू मागायला येणारे खोलीत बसतात आणि उठून जातात. एखादाच निवांत बसून राहतो. त्याला ती पिल्लू हातात देते आणि म्हणते, "तू जाशील तरी ह्ये ऱ्हाईल. मागं कोन बगनार, त्ये आज ठरीव, मग ने. आन वळलं की वळू दे. त्याला कळतंय कुटं जायचं न्हाय ते."

लोक गेले की ती दार लोटून त्याच खाटेवर, त्याच कडेला आडवी होते. डावा हात खाली सोडते. ताट झाकून शेजारी ठेवलेलं असतं. आवाज थांबेस्तोवर ती त्याला हात लावत नाही.